पहिलीचा गोल

तिसरीच्या संडासाचा पाइप तुंबला नसता तर मी आमच्या शाळेची सुरक्षा-प्रमुख झालेच नसते.

मार्च महिना, आमच्या पेरू देशात शाळा तेव्हाच उघडतात. शिक्षकांच्या खोलीत मीटिंग चालली होती. भूकंप, आग, पूर, कर्मचाऱ्यांचं आरोग्य, या सगळ्याला जबाबदार असा एक माणूस नेमायचा होता. मी तिकडे कोपरापर्यंत हात घालून पाइपातून कुणाच्या तरी पोराचा मोजा ओढत होते. मोजा निघाला, हात धुतले, आणि कॉफी टाकू का विचारायला खोलीचं दार उघडलं, तर सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, मोज्याबद्दल आहेत.

"अभिनंदन, सेनोबियामावशी!" मुख्याध्यापक तासायको सर म्हणाले. "एकमताने!"

"कशाबद्दल हो?"

"सुरक्षा-प्रमुख! सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं."

घेणारच. गणिताच्या सरांचा गुडघा दुखतो, इतिहासाच्या बाईंना दुसरी नोकरी आहे, आणि इंग्रजीचे सर तर नाव निघताच खिडकीतून समुद्राकडे बघायला लागतात. आमच्याकडे मीटिंगला जो नसतो त्याच्या गळ्यात काम पडतं, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. सोळा वर्षं या शाळेत झाडू मारतेय मी आणि हेच विसरले. माझ्यासारखी बावळट मीच.

मला तीन वस्तू मिळाल्या. एक शिट्टी, एक नारिंगी जाकीट, आणि चौदा पानी जबाबदाऱ्या. जाकिटाला आठ खिसे, आणि ते माझ्या गुडघ्यापर्यंत येत होतं. आमच्या देशात माणसाला जाकीट घातलं की तो सरकार होतो. मंत्री पुरात उतरले तरी आधी जाकीट घालतात, बूट मागाहून. मी ते घालून पोर्च झाडायला लागले तर वॉचमन आपोलिनारियो मला सलाम करून मोकळा झाला.

चौदा पानं मी दुपारी पाव खाता खाता वाचली. पान तीन: सफाई कर्मचाऱ्याने शाळेत कुठलाही धोका दिसताच सुरक्षा-प्रमुखाला लेखी कळवावं. पान चार: सुरक्षा-प्रमुखाने दहा कामकाजी दिवसांत त्याला लेखी उत्तर द्यावं. सफाई कर्मचारी कोण? मी. सुरक्षा-प्रमुख कोण? मी. अधिकार कुठल्या पानावर आहेत ते मी दोनदा शोधलं. जबाबदाऱ्या मात्र एकेचाळीस होत्या. खाली सही करायची होती: "वाचलं, समजलं, काही घडल्यास मी उत्तरदायी." केली सही. माझा करार दर डिसेंबरात तासायको सरांच्या सहीने पुढे सरकतो. नाही म्हणायची सोय कुठे होती?

आता टाकीबद्दल सांगते, कारण सगळं तिथेच अडतं.

मागच्या वर्षी सरांनी पटांगणाच्या कडेला पाण्याची टाकी उभी केली. चार लोखंडी पाय, दोन माणसं उंच, वर भलीमोठी काळी टाकी. खाली सिमेंटच्या चौथऱ्यावर सोनेरी अक्षरांची पाटी: "मुख्याध्यापक बेलिसारियो तासायको यांच्या कारकिर्दीत." टाकी बांधली फाउस्तो मागाल्यानेसने. त्याचं चौकात हार्डवेअरचं दुकान आहे, आणि तो सरांच्या धाकट्या मुलीचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. उद्घाटनाला टाकीचाही धर्मपिता तोच झाला, कारण आमच्याकडे धर्मपित्याशिवाय मुतारीचंसुद्धा उद्घाटन होत नाही. पाद्री आले, फीत बांधली, फाउस्तोने रिबन लावलेली बाटली टाकीच्या पायावर आपटली. पहिल्या दोन फटक्यांत बाटली फुटली नाही, टाकीच हलली. लोक टाळ्या वाजवण्यात दंग. माझ्या लक्षात आलं, कारण काचा मलाच उचलायच्या होत्या.

मग आलं धुकं. आमच्या किनाऱ्यावर समुद्राचं धुकं लोखंडाला असं खातं की विचारू नका. एप्रिलमध्ये एका सकाळी मी चौथरा झाडत होते, आणि झाडू टाकीच्या एका पायाखालून आरपार गेला. मी थांबले. पुन्हा घातला, पुन्हा गेला. चौथा पाय जमिनीला टेकलेलाच नव्हता. वाकून बघितलं तर बाकीच्या तीन पायांच्या नटबोल्टच्या जागी गंजाचा भुगा होता.

धावत सरांकडे गेले.

"मावशी," सर म्हणाले, "झाडू झिजला असेल."

"सर, झाडू झिजला तरी तो लोखंडातून कसा जाईल?"

"टाकी तीन पायांवरही उभी राहते. स्टूल नसतं का तीन पायांचं?"

"स्टुलावर हजारो लिटर पाणी नसतं, सर."

"फाउस्तोला सांगतो," म्हणाले. सांगितलं असेल, एखाद्या जेवणावळीत.

मे महिन्याच्या शेवटी देशभर भूकंपाची कवायत असते. सकाळी दहाला भोंगा वाजतो आणि सगळी शाळा पटांगणात धावते. पटांगणात मोठे गोल रंगवलेले असतात, मध्ये 'एस' हे अक्षर. सुरक्षित जागा. प्रत्येक वर्गाचा गोल ठरलेला. भूकंप झाला की पोरं त्यात उभी राहायची, कारण तिथे डोक्यावर काही पडत नाही. ते गोल दरवर्षी मीच रंगवते. पोरं त्या गोलावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. आईने सांगितलं तर ऐकणार नाहीत, पण गोल म्हटला की धावतात.

कवायतीच्या आधी तीन आठवडे सर मला पटांगणात घेऊन गेले. टाकीसमोर उभं राहून त्यांनी बुटाने जमिनीवर रेघ ओढली.

"यंदा पहिलीचा गोल इथे."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "टाकीखाली?"

"टाकीजवळ. निरीक्षकबाई येणार आहेत, सोबत फोटोवाला. विचार करा मावशी, अडतीस चिमुरडी पोरं गोलात, मागे टाकी, खाली पाटी. शिक्षण कार्यालयाच्या पत्रिकेत पहिलं पान!"

"सर, वर टाकी आहे. एक पाय अधांतरी आहे. आणि खाली सहा वर्षांची पोरं उभी करायची?"

"भूकंप खरा थोडाच होणार आहे? कवायत आहे."

"आणि कवायतीनंतर खरा झाला तर? पोरं कुठे धावतील? जिथे आपण शिकवलं तिथेच ना?"

सरांनी घड्याळ बघितलं. "तुम्हाला काही हरकत असेल तर लेखी द्या."

माझं डोकंच फिरलं. ठीक आहे म्हटलं, लेखी तर लेखी.

आवक-जावकच्या खिडकीत ग्लोरिंदाबाई बसतात. मनाने वाईट नाहीत, पण शिक्का हातात आला की त्यांची नजर बदलते. मी वहीच्या पानावर स्वच्छ अक्षरात लिहून नेलं: टाकीचा चौथा पाय टेकलेला नाही, गोल तिथे नको, टाकी रिकामी करा.

ग्लोरिंदाबाईंनी पान उलटसुलट केलं. "वर्षाचं नाव कुठाय?"

आमच्याकडे सरकार दरवर्षाला एक नाव देतं. नुसता आकडा चालत नाही. प्रत्येक सरकारी कागदाच्या डोक्यावर ते नाव लागतं, नाहीतर कागद म्हणजे रद्दी.

"अहो, टाकी पडायला आलीय."

"पडू दे, पण वर्षाच्या नावाखाली पडू दे. मी स्वीकारलं तर माझी नोकरी जाईल."

दुसऱ्या दिवशी नाव घालून नेलं: "पाणी आणि पारदर्शकता वर्ष." ग्लोरिंदाबाई हसल्या. "मावशी, हे गेल्या वर्षाचं. यंदा सलोखा आणि आधुनिक शिस्तीचं वर्ष आहे."

"तुमच्याच खिडकीवरच्या नमुन्यात हे आहे की!"

त्यांनी मान वळवून नमुना बघितला. "नमुना बदलायचा अर्ज केलाय मी. अजून मंजूर नाही."

तिसऱ्या दिवशी कागद बरोबर निघाला. धाडकन शिक्का बसला. मला बरं वाटलं. संध्याकाळी झाडू ठेवायला माझ्या खोलीत गेले तर बादलीवर एक पाकीट. वर लाल शाईत लिहिलेलं: "सुरक्षा-प्रमुख यांस, तातडीने कार्यवाहीसाठी." आत माझंच पत्र.

मी बादली पालथी घालून तिच्यावर बसले आणि खूप हसले. मग रडू आलं. मग राग आला, आणि रागाच्या भरात मी स्वतःला उत्तर लिहिलं: "आपली तक्रार मिळाली. ती शंभर टक्के खरी आहे. पहिलीचा गोल गोलपोस्टपलीकडच्या मोकळ्या जागेत रंगवावा आणि टाकी रिकामी करावी, अशी मंजुरी देण्यात येत आहे." सही केली. यंदाचं नाव घातलं. खिडकीत जाऊन शिक्का मारून पोच घेतली.

दोन दिवसांनी सरांनी बोलावलं. माझं उत्तर त्यांच्या टेबलावर होतं.

"मावशी, तक्रार करणारी आणि निकाल देणारी व्यक्ती एकच कशी चालेल? हे नियमात बसत नाही. हे समितीपुढे जाईल."

"समिती कधी बसणार?"

"कवायत झाल्यावर. तोवर गोल टाकीसमोर रंगवा. आणि हे बघा," त्यांनी आवाज मऊ केला, "डिसेंबर लांब नाही."

घरी जाऊन मी जेवले नाही. पुढ्यातलं रताळं तसंच थंड झालं. वाटलं, रंगव बाई आणि गप्प बस, तुझं काय जातंय. पण डोळ्यांपुढे पहिलीची पोरं यायला लागली. ती रोज मला पायरीवर गाठतात, आपले सुटलेले बुटाचे बंद पुढे करतात. अडतीस जोड बूट. मीच बांधते ते. त्यांना त्या टाकीखाली धावायला शिकवायचं, आणि तेही माझ्या हाताच्या रंगाने? छे! माझ्याच्याने होणार नव्हतं.

कवायतीच्या आदल्या दिवशी मी पहिलीच्या मागालीबाईंना गाठलं. "बाई, उद्या पोरं कुठे नेणार?"

त्या इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "मावशी, मला काही माहीत नाही. मी तुमच्या जाकिटाच्या मागे चालणार."

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी शाळेत गेले. आधी सगळ्या संडासांतली पिंपं भरली, स्वयंपाकघरातली भांडी भरली, आणि मग टाकीचा खालचा नळ सोडून दिला. कडेच्या झाडांनी जन्मात एवढं पाणी प्यायलं नसेल. मी काही कसाई नाही. मग रंग कालवला. पहिलीचा गोल गोलपोस्टपलीकडे रंगवला, चांगला ऐसपैस. आणि टाकीसमोर, सरांनी बुटाने रेघ ओढली होती अगदी तिथे, दुसरा गोल काढला. त्याला सोनेरी किनार दिली, आणि 'एस'च्या खाली सुबक अक्षरात लिहिलं: "मान्यवर."

आठ वाजता सर आले. गोल बघून थबकले. "मावशी, हे काय?"

"सर, पोरं कवायतीत डोक्यावर हात घेतात. पाटी सगळी झाकली गेली असती. आता फोटोत तुम्ही, टाकी, पाटी, सगळं नीट येईल."

सरांनी वर टाकीकडे बघितलं. मग पाटीकडे. मग त्यांची नजर फाटकाकडे गेली, कारण निरीक्षक देल्मिराबाई फोटोवाल्याला घेऊन आत शिरत होत्या. त्यांच्या जाकिटाला माझ्यापेक्षा दोन खिसे जास्त होते. मागून फाउस्तो, नव्या कोटात.

"वा!" देल्मिराबाई म्हणाल्या. "मान्यवरांच्या सुरक्षेचा विचार करणारी ही पहिलीच शाळा. कुणाची कल्पना?"

सरांनी कॉलर सारखी केली. "माझी."

"धर्मपिता म्हणून फाउस्तोसाहेबही गोलात हवेतच," मी म्हटलं. फाउस्तो हसला, पण नुसत्या ओठांनी.

दहाला भोंगा वाजला. वर्गावर्गांतून पोरं निघाली. मी जाकीट सावरत पुढे, माझ्यामागे मागालीबाई, त्यांच्यामागे अडतीस पोरं डोक्यावर हात घेऊन. आम्ही टाकीला वळसा घालून थेट गोलपोस्टपलीकडे गेलो. तिकडे सर, निरीक्षकबाई आणि फाउस्तो सोनेरी गोलात जाऊन उभे राहिले. फोटोवाल्याने फोटो काढायला सुरुवात केली.

आता पान नऊ. शिट्टी वाजेपर्यंत कुणीही आपला गोल सोडू नये. शिट्टी सुरक्षा-प्रमुखाने वाजवावी. शिट्टी माझ्या गळ्यात होती, आणि ती मी तिथेच राहू दिली.

एक मिनिट गेलं. समुद्रावरून वारा सुटला. टाकीतून बारीकसं 'टक्' ऐकू आलं. सर वर बघायला लागले. देल्मिराबाई कॅमेऱ्याकडे बघून हसत होत्या, त्यांनी सरांकडे बघितलं आणि त्याही वर बघायला लागल्या. पुन्हा 'टक्'. यावेळी चौथा पाय हललेला मला इथूनही दिसला.

आणि फाउस्तो निघाला. आधी एक पाऊल, मग भराभर, नवा कोट सांभाळत, सगळं पटांगण ओलांडून आमच्या गोलात येऊन पहिलीच्या पोरांमध्ये उभा राहिला. धापा टाकत होता.

त्याच्या पोटापर्यंत येणारी एक मुलगी, दोन शेंड्यांची, डोक्यावरचे हात न काढता म्हणाली, "काका, हा आमचा गोल आहे. तुमचा तिकडे आहे."

सगळ्या पटांगणाला ऐकू गेलं. देल्मिराबाईंनी विचारलं, "फाउस्तोसाहेब, टाकी तुम्हीच बांधलीत ना?" उत्तराची वाट न बघता त्याही गोलातून बाहेर पडल्या. सोनेरी गोलात उरले एकटे सर, पाटीसमोर, मान वर करून. दया आली का? खोटं कशाला बोलू, आली थोडी. मग मी शिट्टी वाजवली.

सोमवारी सकाळी मला खिडकीत बोलावलं. ग्लोरिंदाबाईंनी नजर चुकवत एक कागद पुढे सरकवला. मेमो. मी तो उभ्या उभ्या वाचला, आणि मग मोठ्याने वाचला: "आपण मान्यवरांना अशा जागी उभं केलंत की जिथे सदोष आधारामुळे टाकी कोसळून प्राणहानी होण्याची उघड शक्यता होती, आणि ही गोष्ट आपल्याला ठाऊक होती." खाली सरांची सही. वर यंदाचं नाव, एक काना-मात्रा इकडेतिकडे नाही.

तीन आठवडे मी जे वाक्य मागत होते ते हेच. उघड शक्यता. प्राणहानी.

"ग्लोरिंदाबाई, मला शिक्क्याची पोच हवी."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे, आणि असा शिक्का हाणला की खिडकीची काच हादरली.

आवाज ऐकून सर बाहेर आले. कागद माझ्या हातात बघून त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. मला वाटतं, आपण काय लिहून बसलोय ते त्यांना तेव्हा कळलं.

"मावशी, भरलेली टाकी आमच्यावर पडली असती तर?"

"रिकामी होती. पहाटे मीच नळ सोडला."

"मला सांगितलं का नाही?"

"लेखी कळवलं होतं सर. मला. मी मंजूर केलं होतं."

"तो कागद इकडे द्या. विसरून जाऊ."

"विसरायचं कसं?" माझा आवाज चढला, चढला तर चढला. "अडतीस पोरं तिथे उभी राहणार होती तेव्हा कागदावर वर्षाचं नाव नव्हतं, नियमात बसत नव्हतं, समिती बसायची होती. तुमचे तीन जोड पॉलिश केलेले बूट उभे राहिले, तर दोन दिवसांत मेमो! तेव्हा कशातच काही कमी पडलं नाही!"

खिडकीमागे ग्लोरिंदाबाई शिक्का पुसत बसल्या.

शनिवारी फाउस्तोचीच माणसं येऊन टाकी उतरवून गेली. चौथऱ्यावर चार पायांच्या चार जागा राहिल्या. तीन जागांवर गंजाचे तपकिरी चौकोन होते. चौथ्या जागेचं सिमेंट पहिल्या दिवसासारखं स्वच्छ. सोनेरी पाटी अजून तिथेच आहे, पण आता ती कशाची आहे ते कळत नाही.

डिसेंबरात करारासाठी सरांच्या खोलीत गेले. पेन त्यांच्या हातात होतं, पण ते कागदाला टेकवेनात.

"मावशी, तो मेमो. आता टाकीही नाही. परत देऊन टाका ना."

"देते की सर. तेवढा एक अर्ज करा. सुरक्षा-प्रमुखाच्या नावाने. दहा कामकाजी दिवसांत उत्तर देते."

सरांनी माझ्या जाकिटाच्या वरच्या खिशाकडे बघितलं. मेमो तिथेच असतो, घडी घातलेला. मग त्यांनी मान खाली घालून सही केली. मी कागद घेतला, आभार मानले, आणि पहिली सुटायच्या आत पोरांचा गोल झाडायला गेले.